दोन केबली, एक रेघ : आमची वाटचाल

जळगावच्या एमआयडीसीत अर्ध्या गाळ्यात विजेच्या पॅनेलचं, म्हणजे स्विचबोर्डांचं काम मांडलं तेव्हा भांडवल काय, तर ड्रॉइंग आखायचं एक ड्राफ्टर, केबलीच्या टोकाला लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवायचं हाताचं क्रिम्पिंग टूल आणि शाईची तीन पेनं : ०.३, ०.५, ०.७. पॉवरची रेघ ०.७ नेच, यावर मी आजही अडून बसतो. ड्रॉइंगचे प्रिंट अमोनियाच्या वाफेवर काढलेले. शर्टाच्या वासाने घरचे नाक मुरडायचे.

आम्हाला बुडवायला निघाली ती एक रेघ. एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं काम होतं. ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, ८०० अँपिअरचा एसीबी (करंट वाढला की पडून वीज तोडणारा ब्रेकर), इनकमरला, म्हणजे वीज आत येते तिथे, २४० चौरस मिमी साडेतीन कोर (तीन पूर्ण वाहक, न्यूट्रल निम्म्या मापाचा) अ‍ॅल्युमिनियमचे दोन रन, म्हणजे दोन समांतर केबली. सिंगल लाइनवर, म्हणजे तिन्ही फेज एकाच रेघेने दाखवायच्या ड्रॉइंगवर, मी एकच रेघ ओढून तिच्यावर तीन तिरके काप दिले. रीतीला धरूनच होतं ते. तीन काप द्या, नाहीतर एक काप देऊन शेजारी ३ लिहा. काप वाहक मोजतात, केबली नाही. ‘२ रन’ मी ट्रेसिंगवर, म्हणजे प्रिंट ज्यावरून निघतो त्या पारदर्शक कागदावर, पेन्सिलीने लिहिलं होतं. ते प्रिंटवर उतरलंच नाही. ठेकेदाराने एकच केबल ओढली.

भर सीझनात लग काळी पडली, इन्सुलेशन वितळलं. पलीकडे कापसाचे ढीग, थोडक्यात निभावलं. लॉगबुकात आदल्या रात्रीचे ४८० अँपिअर. दोघींत २४०-२४० वाटायचे ते एकटीच्या अंगावर. एसीबी का पडला नाही, म्हणून सगळे माझ्यावर तुटून पडले. अहो, तो ५६० अँपिअरला पडेल असा लावलेला, दोन केबली धरून! खाली एकच आहे हे त्याला कोण सांगणार?

आमच्याच गल्लीतल्या एका पॅनेलवाल्याने तो प्रिंट मिळवून जिनिंग-जिनिंग फिरवला. “यांना केबल मोजता येत नाही.” ठरलेल्या तीन ऑर्डरी गेल्या. पोरांचे पगार दोन महिने थकले. पेन्सिलीची चूक माझी, ती मी तेव्हाही कबूल केली. पण ठेकेदाराने केबल ओढण्याआधी ट्रान्सफॉर्मरची पाटी वाचायला नको होती?

तेव्हा दाळमिलवाले नाना गाळ्यावर आले. जुना बोर्ड बदलायचा म्हणाले, आगाऊ पैसे टेबलावर ठेवले. “कसाले काळजी करस भाऊ, मी शे ना.” बोर्ड अजून पाच वर्षं सहज चालला असता, हे त्यांनाही माहीत होतं.

नानांच्या ड्रॉइंगपासून आमची पद्धत बदलली. सिंगल लाइनवर काप तेच, पण शेजारी शाईने ‘२ × ३.५ कोर × २४०’. पॉवर ड्रॉइंगमध्ये दोन्ही रन वेगळे, डब्ल्यू १ आणि डब्ल्यू २, बसबारला, म्हणजे बोर्डातल्या मुख्य धातूच्या पट्टीला जुळतात तिथे ठसठशीत ठिपका. नवीन पोरांनो, ठिपक्याचा आळस करू नका. आणि दोन्ही केबली एकाच मापाच्या, एकाच लांबीच्या घ्या. आखूड असेल ती जास्त करंट ओढते. प्रत्येक केबलीत आर, वाय, बी हे तिन्ही फेज हवेत. एकीत सगळा आर भरलात तर लोखंडी ग्लँड प्लेट, म्हणजे केबल जिथून बोर्डात शिरते ती पत्र्याची पट्टी, तापेल, मग मला फोन कराल.

पुढची वर्षं बरी गेली. आता ड्रॉइंगला कॉम्प्युटरवरचं कॅड आहे, बारा माणसं आहेत. त्या पॅनेलवाल्याचा मुलगा परवा आमच्या ड्रॉइंगचा नमुना मागायला आला. चहा पाजला, नमुनाही दिला. जिनिंगच्या बिलातले बावीस हजार मात्र अजून येणे आहेत.