पाय कुठे ठेवायचे? हरिहरेश्वर ते वेंगुर्ले, फूटरेस्टच्या निमित्ताने

क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्याची बुटकी मोटरसायकल, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो रस्ता असतो तो सरळ, रुंद आणि रिकामा. पाय पुढे सोडलेले, हात सैल, गाडी ऐंशीच्या आसपास एका लयीत चाललेली. माणूस पुण्या-मुंबईचा असला तर पहिल्या मोठ्या राइडला तो कोकणात उतरतो, आणि तिथला किनाऱ्याचा रस्ता यातली एकही अट पाळत नाही. खाडी आली की रस्ता आत वळतो, डोंगर आला की चढतो, गाव आलं की जांभ्याच्या दोन गडग्यांमधून अंग चोरून निघतो. वर गतिरोधक. शाळेसमोर, देवळासमोर, आणि कधी कधी कशासमोरच नाही.

पाऊस ओसरल्यावर आम्ही याच रस्त्याने निघालो. मी आणि मागे बायको एका गाडीवर, मावसभाऊ त्याच्या गाडीवर. माझी गाडी ३५० सीसीची, फूटरेस्ट कंपनीनेच थोडे पुढे दिलेले. भावाची चांगलीच बुटकी, पाय लांब सोडून बसायची, आणि त्यावर त्याने पुढच्या लेगगार्डच्या पाइपला हायवे पेगची, म्हणजे पाय ताणून ठेवायच्या जादा फूटरेस्टची, आणखी एक जोडी लावलेली. निघायच्या आधी मी फूटरेस्ट बदलायचे ठरवले तेव्हा त्याचा सल्ला एकच होता, "जितके पुढे तितके भारी." दुकानदारही फूटरेस्ट पुढे नेणारं फॉरवर्ड किट काढून तयारच होता. मी घेतलं नाही. का, ते ताम्हिणी उतरून माणगावला पोचेपर्यंत कुणालाही कळावं.

पाय कमरेच्या बरेच पुढे असले की बसलेल्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन माकडहाडावर आणि सीटच्या मागच्या भागावर येतं. गुळगुळीत रस्त्यावर ते छान वाटतं, खुर्चीत रेलून बसल्यासारखं. पण खड्डा समोर आला की आपण नकळत काय करतो? पायांवर जरा जोर देतो आणि बूड सीटवरून बोटभर उचलतो. पाय थेट कमरेखाली किंवा जरासे पुढे असतील तर हे जमतं. पाय हातभर पुढे असतील तर उठायला हँडल धरून अंग खेचावं लागतं, ते दर खड्ड्याला कोण करणार? मग प्रत्येक दणका सरळ मणक्यात. माणगावला चहाला थांबलो तेव्हा भाऊ टपरीच्या बाकावर बसलाच नाही. उभ्यानेच चहा प्यायला.

कंपन्या पाय पुढे का देतात, त्याला कारण आहे. सीट खाली आणली की फूटरेस्टही पुढे न्यावे लागतात, नाहीतर गुडघा फार दुमडतो. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० ची सीट जमिनीपासून ७६५ मिमीवर आहे, क्लासिक ३५० ची ८०५ वर. हा ४० मिमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पाय तिथेच ठेवून सीट तेवढी खाली घेतली तर उंच माणसाचा गुडघा तासाभरात बोलायला लागेल. म्हणजे सीट, हँडल आणि फूटरेस्ट हा त्रिकोण आहे. त्यातला एक कोपरा हलवला की उरलेले दोन तक्रार करतात. नुसते फूटरेस्ट निवडता येत नाहीत. आपली उंची, आपली सीट आणि आपला रस्ता, असं मिळून निवडावं लागतं.

मी पाच फूट दहा. माझी तक्रार पाय पुढे नसल्याची नव्हती, गुडघा दुमडण्याची होती. म्हणून मी फूटरेस्ट होते तिथेच ठेवून २५ मिमी खाली आणणारे ब्रॅकेट घेतले आणि मूळच्या अरुंद पेगऐवजी, म्हणजे पाय टेकायच्या दांड्यांऐवजी, रुंद, वर जाड रबर असलेले पेग लावले. रुंदीचं महत्त्व दुकानात कळत नाही. अरुंद पेगवर तळव्याची एकच रेघ टेकते आणि बूट पातळ तळाचा असेल तर दुपारी तिथेच आग होते. रुंद पेगवर पाऊल मागेपुढे सरकवता येतं, कधी चवड्यावर, कधी टाचेजवळ. लांबच्या प्रवासात खरा आराम या बदलण्यात आहे. एकाच ढबीत राहिलं की कितीही चांगली ढब नकोशी होते.

रबराचं काम वेगळं. एका सिलिंडरच्या गाडीची थरथर हँडलमधून बोटांत येते तशी पेगमधून तळव्यात येते, आणि पाय बधिर झाला की ब्रेक किती दाबला याचा अंदाज जातो. नुसते दातेरी लोखंडी पेग चिखलात उभं राहून चालवणाऱ्यांसाठी उत्तम. दिवसभर बसून जायचं असेल तर रबर हवंच. रबर काढता-घालता येईल असे पेग मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण कोकणात एकाच दिवसात दोन्ही लागू शकतं.

हरिहरेश्वरचा मुक्काम चांगला झाला. प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या लाटांबद्दल इतकं लिहून झालंय की मी गप्प बसतो. सकाळी बागमांडल्याला जेट्टीवर आलो. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी. फेरीबोटीत दुचाक्या चिकटून उभ्या करतात, तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्यांचे फूटरेस्ट निवांत बघायला मिळतात. माझ्या बायकोच्या मते हे लक्षण बरं नाही. एका गाडीला मोठे फ्लोअरबोर्ड होते, पाऊल पूर्ण टेकेल असे. आरामाला त्याला तोड नाही, पण घाटाच्या वळणात गाडी कलली की आधी तेच घासतात. त्यांच्या कडा चकचकीत झाल्या होत्या, म्हणजे ताम्हिणी त्यांनीही सोसला होता.

वेश्वी ते केळशी, पुढे आंजर्ले. हा पट्टा मला सगळ्यात आवडतो आणि फूटरेस्टची खरी परीक्षाही इथेच. आखूड चढ, लगेच उतार, आंधळं वळण, वळणापलीकडे एसटी. भावाने एका सरळ तुकड्यावर हायवे पेगवर पाय टाकले आणि पुढच्या वळणातून कुत्रं आडवं आलं. काही झालं नाही, पण हिशोब करून बघा. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. लेगगार्डवरचा पाय उचलून ब्रेकवर आणायला एक सेकंद धरला, तरी एवढं अंतर मागचा ब्रेक नसतानाच गेलं. त्यानंतर केळशीपासून दाभोळपर्यंत त्याचे ते पेग मिटलेलेच राहिले.

मिटलेले, हा शब्द घेण्याआधी तपासायचा. पेग कुठलेही असोत, वर-मागे दुमडले गेलेच पाहिजेत आणि त्यांना स्प्रिंग असली पाहिजे. गाडी आडवी झाली किंवा वळणात पेग जमिनीला लागला तर दुमडणारा पेग वाचवतो. न दुमडणारा पेग टेकू होऊन मागचं चाक उचलू शकतो. स्वस्तातले काही हायवे पेग घट्ट आवळूनच बसवलेले असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि लेगगार्डच्या पाइपचा व्यास व्हर्नियरने मोजल्याशिवाय क्लॅम्प घेऊ नये. सैल क्लॅम्प पायाच्या वजनाने फिरतो, आणि तोही नेमका नको तेव्हा.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला आणि दापोलीच्या मुरुडला मुक्काम केला. हे महर्षी कर्व्यांचं गाव. सहावीच्या परीक्षेसाठी ते पोरवयात इथून साताऱ्यापर्यंत सह्याद्री ओलांडून चालत गेले, आणि लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यांच्या गावात बसून फूटरेस्ट पंचवीस मिलिमीटर वर की खाली यावर रात्री वाद घालणं जरा अवघडच वाटलं. तरी घातला.

दाभोळ–धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडून गुहागरला आलो. तिथे एका गॅरेजात थांबलो, कारण भावाला माझ्यासारखं ब्रॅकेट बघायचं होतं. गॅरेजवाल्या काकांनी माझं ब्रॅकेट हाताने चाचपून पहिला प्रश्न विचारला तो दुकानदाराने विचारला नव्हता, "पेग खाली नेलात, मग गिअरचा दांडा आणि ब्रेक कुठे?" अगदी बरोबर. पेग एक इंच खाली गेला की पाऊलही खाली जातं, पण ब्रेकचं पेडल वरच राहतं. मग प्रत्येक वेळी ब्रेक मारायला अख्खा पाय उचलावा लागतो, नाहीतर नडगी ताणून पंजा वर धरून बसावं लागतं. गिअरचा दांडा खाचांच्या शाफ्टवर एक-दोन खाचा फिरवून किंवा लिंक रॉडचा लॉकनट सैल करून खाली घेता येतो. ब्रेकच्या पेडलला उंचीचा बोल्ट असतो. आणि पेडल हलवलं की मागच्या ब्रेकलाइटचा स्विच पुन्हा लावायचा, नाहीतर दिवा कायम जळत राहतो किंवा ब्रेक दाबूनही लागत नाही. माझं हे सगळं पुण्यातच करून घेतलं होतं. काकांनी तरी खाली बसून पेडल हाताने दाबलं आणि मागे दिवा लागतो का ते बघायला माझ्या बायकोला उभं केलं.

ती तेव्हा काही बोलली नाही. हेदवीला गणपतीचं दर्शन घेऊन तवसाळकडे निघालो तेव्हा बोलली. "अरे, तुझे पाय एवढे लाडात वाढवलेस, माझ्या पायांचं काय?"

मुद्दा बिनतोड होता. बहुतेक क्रूझरवर मागचे फूटरेस्ट पुढच्यांपेक्षा बरेच वर असतात, आणि मागचा माणूस तर चालवणाऱ्यासारखं पुढचं हँडल हातात नसताना तासन् तास तसाच बसतो. शिवाय मागच्या पेगचं रबर कोणी बदलत नाही. माझ्या गाडीचं एका बाजूने कडक होऊन तडकलं होतं. मागच्या माणसाला फूटरेस्ट, धरायला पकड आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्या चाकाला आच्छादन हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात बंधनकारक आहे. पण ते फूटरेस्ट कुणाच्या गुडघ्याला परवडतील हे नियमात नाही. डाव्या बाजूची ती लांब पायरी, जिला सगळे लेडीज फूटरेस्ट म्हणतात, स्टाइल जाते म्हणून क्रूझरवाले काढून टाकतात. गुहागरच्या बाजारात त्याच पायरीवर पाय ठेवून, मांडीवर टोपली घेऊन जाणाऱ्या आजी मी बघितल्या. माझ्या बायकोइतक्या त्या अवघडलेल्या दिसल्या नाहीत.

तवसाळहून फेरीने जयगड, मग केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारे. तिथे डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे खाली समुद्र असताना वेगाने जाणाऱ्याची मला कीव येते.

रत्नागिरीत भावाने बंड केलं. त्याला त्याचे हायवे पेग वापरायचे होते. तो हातखंब्याहून ६६ नंबरच्या महामार्गाला लागला, आम्ही भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, जैतापूर करत निघालो आणि मालवणात भेटायचं ठरलं. प्रामाणिकपणे सांगतो, कणकवलीच्या बाजूला चौपदरी रस्त्यावर त्याचे पेग अगदी योग्य ठरले. दूरवर दिसणारा मोकळा रस्ता, ठरलेला वेग, पाच-दहा मिनिटं पाय ताणायचे, परत जागेवर आणायचे. हायवे पेग बसायची जागा म्हणून घेऊ नयेत, आळस देण्याची सोय म्हणून घ्यावेत. तेवढ्यापुरते ते मलाही पटतात. ऐंशीच्या पुढे मात्र वारा पाय बाहेर ढकलतो आणि मांड्या आवळून धराव्या लागतात, हे त्यानेच संध्याकाळी सोलकढी पिताना कबूल केलं.

मालवणात माझा डावा पेग दुमडला तो परत आलाच नाही. देवगडकडची लाल माती आणि फेरीवरचं खारं पाणी दोन्ही बिजागरीत जाऊन बसलं होतं. मेकॅनिकने पिन काढली. पिनेवर गंज चढला होता. पेग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडाचा असेल तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं आणि बोल्ट अडकून बसतो. किनाऱ्यावर नेहमी फिरणाऱ्याने स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेतले तरी हा प्रश्न सुटत नाही, ग्रीस लागतंच. त्याने पिन घासली, ग्रीस भरलं, नवी स्प्लिट पिन घातली. भावाच्या गाडीकडे बघून म्हणाला, "ह्या रस्त्यार पाय पसरून बसाक काय ही आरामखुर्ची आसा?" भाऊ हसला, पण सकाळी त्याने लेगगार्डचे क्लॅम्प थोडे मागे सरकवून घेतले.

वेंगुर्ल्यापर्यंत मी दुखण्याशिवाय पोचलो. परतीला आंबोली घाट होता. सावंतवाडीत पेट्रोल भरताना बायको माझ्या गाडीवरून उतरली आणि भावाच्या मागे जाऊन बसली. त्याच्या गाडीचे मागचे फूटरेस्ट माझ्यापेक्षा दोन बोटं खाली आहेत, हे तिने कधी मोजलं कोण जाणे. मी एकटा घाट चढलो. मागच्या पेगसाठी खाली आणणारे ब्रॅकेट आणि नवं रबर कोल्हापूरच्या दुकानातच घेतलं, पुण्याची वाट न बघता.