पट्टा थांबला, बॅग नाही

विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरची शेवटची बॅग कुणीतरी उचलली, पट्टा दोन वेळा रिकामाच फिरला आणि थांबला. पुढचे सहा दिवस छान गेले, त्यांच्याबद्दल एवढंच. लिहायचंय ते त्या दालनातल्या अर्ध्या तासाबद्दल, कारण तिथे जे करायला हवं ते बहुतेक प्रवासी न करताच बाहेर पडतात.

पहिलं विमान उशिरा उतरलं आणि दुसरं धावत गाठलं, की माणूस पोचतो आणि बॅग मागे राहते. आपण एका गेटवरून दुसऱ्या गेटवर पळू शकतो. बॅग आधी विमानाच्या पोटातून निघते (मोठ्या विमानात कंटेनरमधून, लहान विमानात बहुधा हातांनी एकेक करून), मग गाडीवर चढते, टॅग वाचणाऱ्या यंत्रणेतून जाते, बऱ्याच ठिकाणी पुन्हा एक्स-रेखालून जाते आणि शेवटी दुसऱ्या विमानाकडे निघते. यातली एक पायरी दहा मिनिटं लांबली तरी खेळ संपतो. तिकीट विकताना दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं, पण तो हिशोब पहिलं विमान वेळेवर येईल असं धरून केलेला असतो. त्या किमान वेळेच्या काठावरचं तिकीट मी कुणालाही सुचवणार नाही.

काउंटरवर उत्तर मिळतं, ‘उद्याच्या विमानाने येईल, तुम्ही हॉटेलवर जा, फोन करा.’ याचा मला मनापासून राग येतो. बोलणारा कदाचित खरंच सांगत असेल, पण तोंडी आश्वासनावर निघालेल्या प्रवाशाच्या हातात काहीच राहत नाही. ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’, म्हणजे पीआयआर, हा सामान न आल्याची लेखी नोंद करणारा अर्ज तिथेच भरून घ्या. ज्या कंपनीच्या विमानाने शेवटचा टप्पा केला, तिच्याकडेच तो भरायचा. आधीच्या कंपनीकडे बोट दाखवलं तरी हलू नका. वर्ल्डट्रेसर या हरवलेल्या सामानाचा माग काढणाऱ्या प्रणालीत नोंद झाली की दहा खुणांचा क्रमांक मिळतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढच्या दोन खुणा कंपनीच्या आणि नंतर पाच आकडे. हा क्रमांक मिळाला म्हणजे नोंद झाली.

त्यासाठी चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासमागे चिकटवलेला तो छोटा कागद लागतो, जो आपण सर्रास फेकून देतो. त्यावरच्या दहा आकडी क्रमांकात पहिल्या आकड्यानंतरचे तीन आकडे कंपनीचे आणि शेवटचे सहा बॅगेचे असतात. चेक-इन झाल्याझाल्या त्याचा फोटो काढा, आणि टॅगवरचा तीन अक्षरी संकेत शेवटच्या मुक्कामाचा आहे ना तेही तेव्हाच बघा. दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर बॅग अनेकदा मधल्या विमानतळापर्यंतच टॅग होते.

काउंटरवर एक नेमका प्रश्न विचारा: ‘बॅगेची शेवटची नोंद कुठे आहे?’ आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 753 क्रमांकाच्या ठरावानुसार जून 2018पासून सदस्य कंपन्यांना चार ठिकाणी बॅगेचा माग ठेवायचा असतो: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, विमान बदलताना हाती सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. त्यामुळे ‘काही कळत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका.

वर्णन विचारतील तेव्हा ‘काळी, चाकांची’ एवढ्यावर थांबू नका, तशा शेकडो असतात. टॅग फाटून गेला असेल तर आतल्या वस्तूंवरूनच बॅग ओळखावी लागते. लाल लोकरी शाल, निळ्या डबीतला चष्मा असं काहीतरी सांगा. नाव-फोन लिहिलेला कागद बॅगेच्या आतही हवा.

आता पैशांचं. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रियल करार (1999) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात 28 डिसेंबर 2024पासून सामानासाठी कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे 1,519 एसडीआरपर्यंत आहे. आधी ती 1,288 होती. (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे.) ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. म्हणून ब्रश, अंतर्वस्त्रं, औषधं अशी गरजेची खरेदी करताना प्रत्येक पावती जपा. आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात: पीआयआर म्हणजे भरपाईचा दावा नव्हे. उशिराबद्दलची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून 21 दिवसांत स्वतंत्रपणे पाठवावी लागते. बॅग पोचायला हवी होती त्या दिवसापासून 21 दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं.

बॅग तिसऱ्या दिवशी दारात आली. आणणारा माणूस घाईत असतो, तरी सही करण्याआधी चाकं, हँडल, चेन तपासा आणि मोडतोड दिसली तर त्याच कागदावर लिहा. नुकसानीच्या लेखी तक्रारीला फक्त सात दिवस असतात. हँडलला आता दोन टॅग लटकलेले असतात, मूळचा आणि मागून पाठवताना लावलेला ‘रश’ टॅग. दोन्ही कापून टाका आणि कडेला चिकटलेले बारकोडचे लहान तुकडेही खरवडून काढा. पुढच्या प्रवासात स्कॅनरने जुनाच बारकोड वाचला, तर बॅग पुन्हा भलतीकडेच निघते.