टिकटिक सापडली: वैनगंगाकाठच्या सरावाची नोंद

मे ते जुलैची नोंद एकदमच टाकतोय. मधे रोवणी होती, तेव्हा रेडिओला कोण विचारतो!

आमचा हॅम रेडिओचा (परवाना काढून हौसेनं चालवायच्या बिनतारी सेटचा) गट भंडाऱ्याच्या पवनी तालुक्यातला, सहा जणांचा. पुरात निरोप पोहोचवायचा सराव करतो. लायसन्सवाले चौघे, बाकी दोघे निरोप लिहून घ्यायला. २०२०च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाची ३३ दारं उघडली, वैनगंगा गावात शिरली आणि वीज गेल्यावर मोबाइल टॉवरनंही मान टाकली. तेव्हा आमच्यातल्या एकाकडेच सेट होता, तोही माळ्यावर बांधून ठेवलेला. हा सगळा खटाटोप त्यानंतरचा.

व्हीएचएफचं (जवळपास सरळ रेषेतच जाणाऱ्या लहरींचं) लवकर उरकतो. हातातला ५ वॅटचा सेट तीनेक किलोमीटर चालला, पुढं झाडी लागली आणि विषय संपला. म्हणून ४० मीटर बँड, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींचा शॉर्टवेव्ह पट्टा. त्याची अँटेना अशी: दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मधे मोहाची फांदी, टोकांना बांबू. उंची मुद्दाम साडेचार मीटरच ठेवली. आपल्याला दूरदेश गाठायचे नाहीत, नागपूर आणि गडचिरोली गाठायची आहे. तार अशी खाली असली की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पावसासारखी पडते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) पहिल्याच दिवशी १.४ आला. खूश होऊन हेडफोन लावला तर टिक... टिक... टिक. सेकंदाला एक ठोका, सेटचा सिग्नल-मीटर एस ८ वर (एस १ अगदी क्षीण, एस ९ जोरदार). नागपूरचा माणूस त्याखाली पार गाडला गेलेला.

आधी घरचे एलईडी दिवे बंद केले, मग मेन स्विच पाडला. टिकटिक तशीच. दोन दिवस मी सेटलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या वाडीपाशी उभा होतो, तेव्हा डोक्यात उजेड पडला: झटका मशीन! डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्यानं विजेचा झटका सोडणारी, सोलरवरची.

"काका, मशीन घटकाभर बंद करता का?"

"अन् डुकरं आली तं तू राखशील का गा?"

दुपारी डुकरं येत नाहीत, या मुद्द्यावर दहा मिनिटं मिळाली. बंद केली आणि बँड एकदम शांत. पण मशीन नेहमीसाठी बंद ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगणार? मग ती पुन्हा सुरू करून जुना खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि कुंपणाच्या कडेनं चालत गेलो. कोपऱ्यावर आवाज फाटायलाच लागला. तिथं गवत तारेला टेकलेलं आणि दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या, त्याही गंजलेल्या. ठिणगी तिथंच उडत होती. मशीन बंद करून (हे विसरू नका, मी एकदा विसरलो) गवत कापलं, सांधा घासून घट्ट केला. एस ८ वरून एस ३. वर काका खूश, "आता झटका बराबर लागते." चांगल्या कुंपणाचा आवाज फारसा येत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

बॅटरीचा धडा छोटा आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर १०० वॅट मारायला गेलो आणि सेट दुसऱ्याच वाक्याला बंद पडला. २० वॅटवर आणला तर नागपूरच्या मीटरवर एस-एककाहून जरासंच जास्त उतरलं, आणि सराव दीड तास चालला. आता ट्रॅक्टरची बॅटरी राखीव ठेवली आहे. मालकाची अट एवढीच की चिखलणीच्या दिवसांत मागायची नाही.

खरी फजिती निरोपात झाली. "तीस माणसं शाळेत" पाठवलं, पलीकडे "तीन" लिहिलं गेलं. पुरात एवढ्या फरकानं अख्खी होडी चुकली असती. आता आकडे सुटे सांगतो: तीन, शून्य. शेवटी शब्द मोजून सांगतो आणि समोरच्यानं पूर्ण निरोप परत वाचल्याशिवाय पुढं जात नाही. गावाच्या नावाला तालुका जोडतोच, पिंपळगाव काय एकच आहे?

उरलेली अडचण रात्रीची. अंधार पडला की ४० मीटरवर नागपूर गायब होतं आणि लांबलांबची स्टेशनं गर्दी करतात. उपाय ८० मीटर बँड, म्हणजे प्रत्येक बाजूला वीस मीटर तार. त्या मापात बसणारं दुसरं मोहाचं झाड एकच आहे, काकांच्या धुऱ्यावर (बांधावर). झटक्याची तार त्यालाच बांधलेली आहे.