सोलापुरात राहून 'ड' कमी!

रिपोर्टवरचा 'ड' जीवनसत्त्वाचा ११ हा आकडा ऐकून सासूबाईंना हसूच आलं. "सोलापुरात राहून उन्हाचं जीवनसत्त्व कमी? लॅबवाल्याला परत बघायला सांग की!"

त्यांचं तरी काय चुकलं? मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो इथे. पण लुपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, झाल्यापासून मी सनकोट, स्कार्फ, सनस्क्रीन असा जामानिमा केल्याशिवाय दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाही. मग 'ड' येणार कुठून?

शेजारणीनं कोवळ्या उन्हाचा उपाय सांगितला. आठवडाभर रोज सकाळी गच्चीवर शेंगा निवडत बसले. पाचव्या दिवशी गालांवर लाल चट्टे उठले, सहाव्या दिवशी बोटं अशी आखडली की भाकरी थापता येईना. अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात, त्यांच्या आतलं सामान बाहेर पडतं आणि आधीच बिथरलेली प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर!

त्यांनी 'ड'ची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. आठवड्यातून एक, आठ आठवडे. दुकानदारानं पाकिटावर 'रोज १' असं खरडलं होतं. घरी येऊन चिठ्ठी ताडून पाहिली म्हणून निभावलं. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि लुपसवाल्यांना मूत्रपिंड फार जपावं लागतं.

"यानं लुपस आटोक्यात येईल?" मी विचारलं. प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशींवर या जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, हे खरं. 'व्हायटल' नावाच्या अमेरिकी अभ्यासात सुमारे २६ हजार लोक होते. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत असे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार नव्यानं होण्याचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसलं, हे २०२२ मध्ये छापून आलं. "पण तुम्हाला तो आधीच झालाय," डॉक्टर म्हणाले. "झालेल्या लुपसवरचे निकाल उलटसुलट आहेत. तुम्ही स्टेरॉइड घेताय, हाडांसाठी हे हवंच. बाकीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत."

आठ पुड्यांनंतर आकडा ३४. पिंढऱ्यांचं दुखणं गेलं. लुपस किती जोरात आहे ते सांगणारी रक्तचाचणी, डीएसडीएनए, मात्र जवळपास तिथंच! मला जरा वाईट वाटलं, डॉक्टरांना अजिबात नाही.

आता महिन्याला एक पुडी, जेवणानंतर दुधातून. पहिल्या रविवारी सासूबाईच पेला घेऊन येतात. शेंगा वाळवायलाही त्याच गच्चीवर जातात, मला जिन्यातच थांबवून.