भरून पावलेला भोपळा

जालन्याकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पिके घरात आली की कापणीचा सण होतो. ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, गुळाची ढेप, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी, असे ज्याच्या घरी जे असेल ते वेदीपुढे मांडले जाते आणि उपासना संपल्यावर त्याच वस्तूंचा आवारात लिलाव होऊन आलेली रक्कम मंडळीच्या खजिन्यात जमा होते. गेल्या सणात एका म्हातारीने आणलेला भोपळा लिलावात निघाला. बाजारात त्याचे फार तर ५० रुपये आले असते. माझ्या एका भाऊबंदाने ५०० म्हटले, मी ७०० म्हटले, त्याने १००० म्हटले, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा माझ्या तोंडून २१०० निघाले. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ झाले, माझे नाव पुकारले गेले, टाळ्या वाजल्या. भोपळा काखेत घेऊन घरी येताना जे समाधान वाटत होते, त्यात देवाचा वाटा किती होता, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारले नाही.

ते विचारायला लावले बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाने. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करणाऱ्यांविषयी येशू तिन्ही वेळा एकच वाक्य बोलतो, की ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत. ‘भरून पावलो’ हे शब्द आपल्याकडे खरेदीखतात येतात, आणि मूळ ग्रीक क्रियापदही त्या काळी पैसे मिळाल्याच्या पावत्यांवर लिहिले जात असे. म्हणजे येशू अशा माणसाला इथे शाप देत नाही किंवा शिक्षाही सुनावत नाही. व्यवहार पुरा झाला, आता येणे काही उरले नाही, एवढेच तो सांगतो, आणि मला तर ते शिक्षेहूनही जड वाटते. माझ्या २१०० रुपयांची पावती मला आवारातच टाळ्यांच्या रूपाने मिळाली होती.

मात्र यावरून पुष्कळ प्रवचनांत जे सांगितले जाते, की आधी हेतू शुद्ध करा आणि मगच देवाजवळ या, ते मला पटत नाही, आणि त्याचे कारण माझे घराणे आहे. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री ब्राह्मण कुटुंबातले होते आणि शिकून, विचार करून १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. आमचे पणजोबा तसे नव्हते. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुरे मेल्यावर ते मिशनच्या दारात येऊन बसले. ‘भाकरीसाठी बाटले’ हे वाक्य मी शाळेत ऐकून रडत घरी आलो, तेव्हा आजी चुलीपुढून न उठता म्हणाली, ‘भाकरीसाठीच आले रे बाबा. उपाशी माणूस दुसरं कशासाठी येईल?’

पाच हजारांना जेवू घातल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत कफर्णहूमास येतात, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून नव्हे, तर भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातले हे वचन आमच्यासारख्यांना टोचायला अनेकांनी वापरले आहे. पण जेवू घालताना येशूने कोणाचा हेतू तपासला नव्हता, आणि हेतू ओळखल्यावरही त्यांना हाकलून न देता तो जीवनाच्या भाकरीविषयी त्यांच्याशी बोलत राहिला. त्याचे बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य मागे फिरले, ते आपल्या पायांनी. आमचे पणजोबा फिरले नाहीत. पाऊस पडला, ज्वारी पिकली, तरी ते दर रविवारी उपासनेला येऊन बसत राहिले. त्यांचा हेतू भुकेचा होता, पण उघडा होता. माझ्या भोपळ्यामागचा हेतू मी अर्पणाच्या नावाखाली झाकला होता, आणि देवाजवळ निष्कपटपणे जाणे म्हणजे काय हे मला या दोहोंतल्या फरकात दिसते.

मत्तयाच्या त्याच अध्यायात प्रार्थनेसाठी ज्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले आहे, तिच्यासाठी आलेला ग्रीक शब्द धान्य आणि सामान ठेवण्याच्या कोठीलाही वापरत. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घरातली बळदाची, म्हणजे धान्य साठवायची, खोली आठवली. तिचे दार इतके बुटके होते की वाकल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि आत ज्वारीचा व कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास कोंडलेला असे. आजी तिथे प्रार्थनेला बसे. उपासनेत ती पाठ केलेली, घोटीव प्रार्थना म्हणे, पण एकदा दाराला कान लावला तेव्हा आतून निराळेच ऐकू आले. ‘जावेची म्हैस जास्त दूध देते ते मला बघवत नाही, बापा,’ ती म्हणत होती. ‘मी काय करू, तूच सांग.’ मग बराच वेळ ती काही बोलली नाही. इतकी खरी प्रार्थना मी पुढे क्वचितच ऐकली आहे. मोठ्याने केलेल्या माझ्या स्वतःच्या प्रार्थनांत तर नाहीच.

यंदाचा सण आता जवळ आला आहे. परवा उपासना सुटल्यावर मी खजिनदारांना गाठले आणि विनंती केली की या वेळी माझे अर्पण लिलावाविना घ्यावे आणि माझे नाव पुकारू नये. त्यांनी होकारार्थी मान हलवली. ही विनंती करण्याआधी, जवळपास आणखी दोघे जण ऐकत उभे आहेत, हे मी पाहून घेतले होते.