गायनाचा तास आणि कृष्णराव पंडित

शाळेच्या महोत्सवी अंकासाठी संपादक मंडळानं ‘आवडते शिक्षक’ हा विषय सुचवला होता. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते ग्वाल्हेर घराण्याचे गवई पं. कृष्णराव शंकर पंडित आपल्या शाळेत कधीच शिकवायला नव्हते. पण सत्तरच्या दशकात ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेल्या मराठी मुलाची त्यांच्यापासून सुटका नव्हती. घरी वडील रेडिओला कान लावून बसायचे आणि शाळेत गायनाच्या बाई उठता-बसता त्यांचंच नाव घ्यायच्या.

बाईंचा तास म्हणजे पेटी, यमन राग आणि पलटे, म्हणजे स्वर उलटसुलट घोटणं. आधी संथ ठाय लयीत, मग दुगुण म्हणजे दुप्पट, मग चौगुण म्हणजे चौपट. मागच्या बाकावर कुणाचा ‘नी’ जरा उतरला की अख्खा वर्ग पुन्हा पहिल्या ‘सा’वर. आम्ही कुरकुरलो की बाई म्हणायच्या, “पंडितजी ऐंशीच्या घरात आहेत, अजून गातायत. तुम्हाला काय धाड भरलीय रे?”

रेडिओवर पंडितजींचा टप्पा, म्हणजे भरभर तानांचा एक गानप्रकार, लागला की आम्ही पोरं हसायचो. पंजाबी बोल आणि अक्षरा-अक्षरावर कोसळणाऱ्या ताना! पुढे स्वतः चार ओळी म्हणून पाहिल्या तेव्हा हसू पळालं. संथ लयीच्या विलंबित ख्यालात गळा तापवायला सवड असते. टप्प्यात पहिल्या बोलापासूनच तो तयार लागतो. श्वास कुठे घ्यायचा तेच उमगत नाही. आणि पंडितजी हे गायचे ऐंशीच्या घरात!

पंडितजींच्या कष्टांच्या गोष्टीत उपासमार नाही, वनवास नाही, त्यामुळे ती सांगायला फारशी रंगत नाही. गाणं घरातच होतं. वडील शंकरराव हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक निसार हुसेन खाँचे शिष्य, आणि खाँसाहेबांचा मुक्काम पंडितांच्याच घरी. त्या काळातल्या मराठी ब्राह्मणाच्या घरात! दरबाराचा आश्रयही मिळाला. पण घराणं वारशानं आलं तरी गळा काही आयता येत नाही, तो रोज घोटावाच लागतो. १८९३ सालचा जन्म; १९१४ मध्ये, म्हणजे विशी जेमतेम ओलांडल्यावर, त्यांनी संगीत विद्यालय काढलं. तेच पुढे वडिलांच्या नावानं शंकर गांधर्व महाविद्यालय झालं. १९७३ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८९ मध्ये ते गेले. पद्मभूषणापेक्षा मला ते विद्यालय मोठं वाटतं. स्वतःचं नाव व्हायच्या वयात दुसऱ्यांचे बेसूर गळे दुरुस्त करत बसायला वेगळी चिकाटी लागते.

एकेकाळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे लोक महाराष्ट्रातून ग्वाल्हेरची गायकी शिकायला बाहेर पडले. आता आपली मुलं गाणं शिकायला पुण्याला जातात. असो.

मी गवई झालो नाही. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, आकडे जुळवत निवृत्त झालो. ताळा लागला नाही की कागद बाजूला सारून पुन्हा पहिल्या रकमेपासून सुरुवात करायचो. सहकारी वैतागायचे, पण ही खोड बाईंनी लावलेली. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला, त्या संगीत महोत्सवाला, मात्र जातो. सकाळी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मुसलमानी प्रथेचं मिलादपठण, मग रात्री शाल लपेटून, खिशात गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई) ठेवून गाणं. तिथे आपल्या शाळेचे जुने चेहरे हमखास भेटतात, आणि त्यातले बरेचसे त्याच तासाचे निघतात.

हल्ली गायनाचा तास वेळापत्रकात नाही असं कळलं. महोत्सवाच्या निमित्तानं समितीनं तो परत सुरू करावा. पेटी अजून अडगळीत असेल. भाता फाटला असेल तर दुरुस्तीचं बिल माझ्या नावानं पाठवा.