तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक न लिहिलेला मास्तर

शिक्षणाच्या इतिहासावर कुठेही बोलायला गेलो की मी व्हित्तोरिनो दा फेल्त्रे या पंधराव्या शतकातल्या इटालियन मास्तराचं नाव काढतोच. मग चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, ज्यानं धड एक ग्रंथ लिहिला नाही त्याला एवढं डोक्यावर का घेता? शिक्षणावर लिहिणारा इरॅस्मस घ्या, निदान वाचायला तरी काही आहे." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिहिलं नाही हे खरंच. लॅटिन शुद्धलेखनावरची एक छोटी पुस्तिका आणि मूठभर पत्रं, एवढाच ऐवज. बाकी जे कळतं ते विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पुढच्यांनी लिहून ठेवलं म्हणून. त्या काळातले बाकीचे ह्युमनिस्ट, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येचे अभ्यासक, जुनी हस्तलिखितं शोधत, त्यांवर भाष्यं लिहीत आणि उरलेल्या वेळात एकमेकांची उणीदुणी काढत. पोज्जो आणि व्हाल्ला या त्यांतल्याच दोघांची भांडणं वाचलीत तर नळावरची बरी म्हणाल. हा गृहस्थ मात्र शिकवत राहिला.

जन्म १३७० च्या दशकातला, आल्प्सच्या पायथ्याशी फेल्त्रे गावी, हातातोंडाची गाठ असलेल्या घरात. पादुआला शिकला तो लहान मुलांच्या शिकवण्या घेत. गणित शिकायचं तर बियाजो पेलाकानी या गणितज्ञाची फी परवडेना. तेव्हा त्याच्या घरी भांडी घासून शिकला, असं सांगतात. वार लावून शिकलेल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. ग्रीक शिकला तो ग्वारिनो या ग्रीक पंडिताकडे, व्हेनिसमध्ये. १४२२ मध्ये पादुआत वक्तृत्वशास्त्राचं अध्यासन मिळालं, पण विद्यार्थ्यांची बेशिस्त बघवेना म्हणून ते लवकरच सोडलं.

१४२३ मध्ये मांतुआच्या जानफ्रांचेस्को गोंझागानं मुलांना शिकवायला बोलावलं. हा गोंझागा भाडोत्री फौजा चालवणारा संस्थानिक. व्हित्तोरिनोनं अट घातली: आपल्या दोघांनाही न शोभणारं काही करायला सांगायचं नाही आणि तुमचं वागणं आदर वाटण्याजोगं असेल तोवरच मी राहीन. नोकरी स्वीकारताना मालकालाच वर्तनाची अट! आजच्या संस्थाचालकांपुढे कुणी म्हणून बघावं.

शाळेसाठी त्याला राजवाड्याजवळचं विलासगृह मिळालं. त्यानं डामडौलाचं सामान बाहेर काढलं आणि नाव ठेवलं 'जोकोझा', आनंदाचं घर. भिंतींवर खेळणाऱ्या मुलांची चित्रं होती. छोटी मुलं अक्षरं ओळखायची ती रंगीत पत्त्यांच्या खेळातून. पोहणं, घोडेस्वारी, कुस्ती, चेंडू हे रोजचं. छडी जवळजवळ नाहीच. पण लाडही नाहीत: थंडीत शेकोटीला चिकटलेला पोरगा दिसला की त्याला उठवून मैदानात पिटाळायचा. गोंझागाचा थोरला मुलगा लुडोविको खादाड आणि गुबगुबीत. व्हित्तोरिनो त्याच्या जेवणाच्या वेळी वाचन किंवा संगीत लावायचा, ऐकण्याच्या नादात पोरगं चार घास कमी खाईल म्हणून. मला हा माणूस आवडतो तो इथे. पद्धती ग्रंथात मांडणारे पुष्कळ झाले. एका विशिष्ट मुलाच्या ताटाकडे लक्ष ठेवणारे थोडे.

राजपुत्रांच्या बाकावर गरिबांची मुलंही बसत. फी नाही, उलट कपडे, पुस्तकं, जेवण मास्तरच्या पदरचं. त्या मुलांतला एक बुस्सी पुढे रोमच्या पहिल्या छापखान्यासाठी लॅटिन ग्रंथांच्या आवृत्त्या सिद्ध करत होता. पैसा अर्थात गोंझागांचाच, म्हणजे लढाया विकून आलेला. हे मी झाकत नाही.

तसंच सर्वांत नावाजलेल्या विद्यार्थ्याचंही. फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो उर्बिनोचा सत्ताधीश झाला, थोर ग्रंथसंग्रह उभा केला, अभ्यासिकेत प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या रांगेत आपल्या गुरूचं चित्र लावलं. ते आज लूव्र संग्रहालयात आहे. याच फेदेरिकोच्या फौजेनं १४७२ मध्ये शरण आलेलं व्होल्तेर्रा शहर लुटलं. हे सांगितलं की वर्गात कुणीतरी म्हणतंच, "मग शिकवून काय उपयोग?"

त्यावर मी चेचिलियाचं सांगतो. गोंझागाची ही मुलगी भावांबरोबरच शिकली. जेमतेम आठ-दहा वर्षांची असताना तिनं लिहिलेलं ग्रीक पाहून त्राव्हेर्सारी हा विद्वान मठाधिपती चकित झाला. आपल्या शिष्यांत असं लिहिणारा क्वचितच कुणी, याची त्याला लाज वाटली. बापानं तिचं लग्न फेदेरिकोच्या सावत्र भावाशी ठरवलं. तिला मठात जाऊन अभ्यासात राहायचं होतं. बाप भडकला. व्हित्तोरिनो ज्याचं मीठ खात होता त्याच्याविरुद्ध मुलीच्या बाजूनं उभा राहिला. तिला शिकवलं यापेक्षा मला हे मोठं वाटतं, कारण नोकरी घेताना घातलेली ती अट त्यानं इथे खरोखर वापरली. तरी बाप हयात असेतो तिला जाता आलं नाही. तो १४४४ मध्ये वारला, आणि पुढच्या वर्षी ती आईसोबत मठात गेली.

२ फेब्रुवारी १४४६ रोजी व्हित्तोरिनो गेला. बावीस-तेवीस वर्षं संस्थानिकाच्या पदरी काढून मागे देणीच निघाली. मुलांच्या कपड्यालत्त्यात सगळं गेलेलं. अंत्यविधीचा खर्च गोंझागांनी केला. तेव्हा गादीवर तोच लुडोविको होता.